कावळेसुद्धा मोजायचे असतात

फेब्रुवारीतला रविवार. डोंबिवलीहून पहाटेच्या स्लो लोकलने नाहूरला उतरले, तर स्टेशनबाहेरच्या टपरीवर गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी आधीच चहा घेत होती. निमित्त होतं ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचं. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेली ही चार दिवसांची पक्षिगणना. भारतातले पक्षीनिरीक्षक २०१३ पासून तिच्यात भाग घेतात.

रिक्षाने पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्याला लागलो. हे नाव ऐकून सहलीला कोणी निघणार नाही आणि पहिला वास आला की अर्धे परत फिरतील. शहराचं सांडपाणी इथे प्रक्रियेसाठी येतं. आसपास पाणथळ जागा, तिवरांची गर्दी आणि पलीकडे ठाणे खाडी. रोहित म्हणजे फ्लेमिंगो इथे येतात त्यात या सांडपाण्याचाही वाटा आहे. त्यातल्या पोषकद्रव्यांवर चिखलात शेवाळ माजतं आणि 'लहान रोहित' ही त्यांची जात नेमकं तेच चोचीने गाळून खाते. खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. रोहितांना ताट वाढणारे आपणच, असं म्हणून खूश व्हायचं की शरमायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

गटप्रमुख सरांनी नियम सांगितले. किमान पंधरा मिनिटं द्यायची, दिसलेला आणि ऐकू आलेला, ओळखता आलेला प्रत्येक पक्षी संख्येसकट लिहायचा आणि यादी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या ऑनलाइन संकेतस्थळावर टाकायची. लगेच एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, "सर, कावळे पण?"

"कावळे आधी!" सर म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. तो रोहितांसाठी आला होता. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच. पण तासाभरात त्याची वही भरत गेली. पाण्यात लाल काड्यांसारख्या पायांवर शेकाटे, कडेने शेपटी हलवत धावणारा तुतवार, तारेवर खंड्या, तिवरांवरून झुलत गेलेला दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी. त्याला बघून थापट्या बदकांचा थवा एकदम उठला आणि आमची मोजणी कोलमडली. पुन्हा पहिल्यापासून.

ओहोटी लागली तसा चिखल उघडा पडला आणि लांबवर गुलाबी रेघ दिसली. रोहित एकेक करून मोजता येत नाहीत. आधी दहा पक्ष्यांचा एक तुकडा डोळ्यांत बसवायचा, मग रेघेत असे तुकडे किती ते बघायचं. आमच्या दोन गटांचे आकडे जुळेनात. एका काकूंचा अंदाज सगळ्यांच्या दीडपट. "आहो, मागच्या रांगेतले तुम्ही धरलेच नाहीत!" म्हणाल्या. स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे तिपाईवरच्या छोट्या दुर्बिणीतून पुन्हा पाहिलं, तर मागे खरंच रांग होती. सरांनी फोटो काढून ठेवला. आकडा नेहमीपेक्षा मोठा वाटला तर ईबर्डचे स्वयंसेवक तपासनीस विचारतात, तेव्हा पुरावा हाताशी असावा.

कावळ्यांचा मुद्दा मला परतीच्या वाटेवर जास्त पटला. यादी पूर्ण असेल तरच तिच्यात एखादा पक्षी नसण्याला अर्थ येतो. मग अशा हजारो याद्यांमध्ये तो किती वेळा सापडतो, हे वर्षानुवर्षं ताडून बघता येतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२० चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. त्यात चिमणी देशभरात साधारण टिकून असल्याचं दिसलं, मोठ्या महानगरांत मात्र ती घटत चालली आहे आणि त्यात मुंबईही आहे. फक्त दुर्मीळ पक्षीच टिपले असते, तर ही घट कळली कशी असती? सगळ्यांनी नुसते रोहितांचे फोटो टाकण्यापेक्षा चार जणांनी सोसायटीच्या आवारातली खरी यादी टाकलेली बरी, असं माझं ठाम मत झालंय. (रोहितांचे फोटो मीही टाकले, ते सोडा.)

नाहूरच्या पुलावर काकूंनी सरांना गाठलं. "उद्या शेवटचा दिवस ना? मी आमच्या गच्चीवर पंधरा मिनिटं उभी राहिले तर चालेल?"

"चालेल की. चिमणी नाही दिसली तरी यादी टाका."

काकूंचं ठरलं. फक्त गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून मिळवायची बाकी होती, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार रोहित मोजणं त्यापेक्षा सोपं होतं.