तुम्ही विचारलंत म्हणून : युद्ध थांबवताना घोडं अडतं कुठं?

कोल्हापुरात जागतिक राजकारणावर बोलायला उभं राहिलं की विषय कुठलाही असो, शेवटी एक प्रश्न ठरलेला. ‘सर, या मोठ्या देशांनी मनात आणलं तर युद्ध उद्या थांबेल. मग घोडं अडतं कुठं?’ विचारणारा कधी विद्यापीठातला विद्यार्थी असतो, कधी शिरोळकडचा ऊस उत्पादक. 2022 साली रशिया-युक्रेन युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा डबा इथं महागला, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल त्या दोन देशांतून येत होतं. उसाला लागणारं पोटॅशही आपण बाहेरूनच आणतो, आणि रशिया-बेलारूस हे त्याचे मोठे विक्रेते. त्यामुळे हा प्रश्न इथं कुणी उगाच विचारत नाही, आणि त्याला उत्तरही नीट द्यायला हवं.

घोडं अडतं ते ‘आधी कोण?’ या दोन शब्दांवर.

बांधाचा वाद ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. सरकारी मोजणी होते, खुणा रोवल्या जातात, नकाशाची ‘क’ प्रत हातात येते. आणि तरी बांध तसूभर सरकत नाही. एक म्हणतो, तू आधी पीक काढून घे, मग मी पाण्याची पाळी सोडतो. दुसरा म्हणतो, पाळी सोड, मग काढतो. दोघांनाही तोडगा मान्य असतो. पण पहिलं पाऊल टाकणाऱ्याच्या हातातलं हत्यार गेलेलं असतं आणि दुसऱ्याचं शाबूत असतं, म्हणून दोघंही जागेवर उभे.

एका बाजूचा स्वच्छ पराभव झाला असेल तर हा प्रश्नच उरत नाही. वारणेचा तह घ्या. 1730 मध्ये वारणाकाठी कोल्हापूरकर संभाजीराजांच्या फौजेचा मोड झाला आणि पुढच्या वर्षी, 13 एप्रिल 1731 रोजी, सातारकर शाहू महाराजांशी तह झाला. हद्द नदीची, म्हणजे कुणालाही डोळ्यांनी दिसणारी. एकाचे चाकर दुसऱ्यानं ठेवून घ्यायचे नाहीत, म्हणजे फितुरीची वाट बंद. तुंगभद्रेच्या दक्षिणेला नवा मुलूख मिळाला तर निम्मा-निम्मा, म्हणजे पुढच्या भांडणाचीही आधीच वाटणी. फार नेटका तह आहे तो. पण तो इतका लवकर होऊ शकला, कारण कोण जिंकलं याबद्दल शंका नव्हती.

आजची जी युद्धं वर्षानुवर्षं चालतात, त्यांत दोघंही दमलेले असतात पण हरलेला कुणीच नसतो. शिवाय दोघांच्याही मागे एकेक पैलवान उभा असतो, दाणागोटा पुरवणारा. याचा सगळ्यात तपशीलवार नमुना म्हणजे कोरिया.

25 जून 1950 ला ते युद्ध सुरू झालं. एका बाजूला उत्तर कोरिया आणि चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिका. वर्षभरात एकाच देशात या चौघांची फौज वरखाली धावली आणि रेषा जिथं होती तिथंच जवळपास परत आली. 10 जुलै 1951 ला केसाँग इथं बोलणी सुरू झाली, ऑक्टोबरात ती पानमुंजॉमला हलवली. सही झाली 27 जुलै 1953 ला. म्हणजे दोन वर्षं आणि सतरा दिवस, मुख्य शिष्टमंडळांच्या 158 बैठका.

नुसती विषयपत्रिका ठरायला पहिले दोन आठवडे गेले. चीन आणि उत्तर कोरियाला परकीय सैन्य निघून जाण्याचा मुद्दा त्यात हवा होता, अमेरिकेला नको होता. शेवटी तो ‘दोन्ही बाजूंच्या सरकारांना शिफारशी’ अशा गुळगुळीत नावाच्या कलमात घातला. अवघड मुद्दा मोघम नाव देऊन मागे सारणं ही वाटाघाटींतली रोजची युक्ती आहे. ती काम करते, पण तो मुद्दा मरत नाही, फक्त झोपतो. तहात लिहिल्याप्रमाणे 1954 मध्ये जिनिव्हात त्यावर परिषद झाली आणि काहीही न ठरता संपली.

दुसरा विषय रेषेचा. जुनी 38 अक्षांशाची रेषा की आत्ता सैन्य जिथं उभं आहे ती? 27 नोव्हेंबर 1951 ला ‘जिथं उभे आहात ती’ असं ठरलं, पण अट अशी की 30 दिवसांत बाकीचं सगळं ठरलं तरच ही रेषा पक्की. ही अट घालण्यामागे घाई करायला लावण्याचा विचार होता. प्रत्यक्षात महिनाभर मोठं आक्रमण होणार नाही हे चीन-उत्तर कोरियाला कळलं आणि त्यांनी तेवढ्यात खंदक आणखी खोल खणले. मुदत घालताना ती चुकली तर काय, हे त्याच कागदावर लिहिलेलं नसेल तर मुदतीचा उपयोग उलटाच होतो.

तिसरा विषय देखरेखीचा, आणि इथं बड्या राष्ट्रांची चुरस उघडी पडते. तहानंतर नवी फौज, नवी विमानं आणायची नाहीत हे मान्य; पण बघणार कोण? दोन्ही बाजूंनी आपापले ‘तटस्थ’ देश सुचवायचे होते. चीन-उत्तर कोरियाकडून नाव आलं सोव्हिएत संघाचं, ज्याची विमानं आणि वैमानिक त्याच युद्धात होते. महिनोन्‌महिने यावर डोकेफोड झाली. शेवटी सोव्हिएत संघाचं नाव त्यांनी मागे घेतलं, बदल्यात अमेरिकेच्या बाजूनं नॉर्वेचं. उरले स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया.

मग आकडे. दरमहा जास्तीत जास्त 35,000 सैनिकांची अदलाबदल. मोडलेल्या हत्याराच्या जागी त्याच प्रकारचं हत्यार, नगाला नग. आत येण्याची दारं प्रत्येक बाजूला पाचच, दक्षिणेत इंचॉन, पुसान वगैरे, उत्तरेत सिनुइजू, हुंगनाम वगैरे, आणि प्रत्येक दारावर तटस्थांचं तपासणी पथक. कागदावर हे फार चोख दिसतं. पण आगगाडीचा डबा जर सहाव्या वाटेनं आला तर पाच दारांवरच्या पथकाला तो दिसणारच नाही. 1956 मध्ये ही पथकं बंदरांवरून हलवली गेली आणि 1957 मध्ये अमेरिकेच्या बाजूनं शस्त्रबदलाचं ते कलम आपण पाळणार नाही असं जाहीर केलं. देखरेख करणाऱ्याला हवं तिथं जाण्याचा हक्क नसेल तर तो नुसता पहारेकरी, आणि तोही पाचच दारांवरचा.

हे सगळं 1952 च्या वसंतापर्यंत बरंचसं ठरलं होतं. उरला एक विषय: युद्धकैदी. त्या एका विषयानं युद्ध आणखी सव्वा वर्ष चाललं.

डिसेंबर 1951 मध्ये याद्यांची देवाणघेवाण झाली. अमेरिकेच्या बाजूनं दिलेल्या यादीत 1,32,474 नावं, चीन-उत्तर कोरियाच्या यादीत 11,559. हा फरकच स्फोटक होता. 1949 च्या जिनिव्हा करारातलं 118 वं कलम सांगतं की लढाई थांबल्यावर कैद्यांना विलंब न लावता सोडून परत पाठवा. कलम लिहिताना हेतू चांगला होता, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर कैदी वर्षानुवर्षं अडकून पडले होते. पण कैद्यालाच परत जायचं नसेल तर? एप्रिल 1952 मध्ये अमेरिकेच्या छावण्यांत विचारणा झाली आणि परत जायला तयार निघाले सुमारे 70,000. चीनसाठी हा इज्जतीचा प्रश्न झाला: आपलेच सैनिक घरी यायला नको म्हणतात हे जगासमोर कसं कबूल करायचं? अमेरिकेसाठी तीच गोष्ट मोठी जीत होती, म्हणून सोडवेना. बड्या राष्ट्रांच्या चुरशीनं युद्ध लांबतं ते असं. जमिनीचा तुकडा वाटून घेता येतो, नाक वाटून घेता येत नाही.

वाट काढली ती तिसऱ्यानं. संयुक्त राष्ट्रांत भारतानं, कृष्ण मेनन यांच्या पुढाकारानं, ठराव मांडला आणि 3 डिसेंबर 1952 ला तो मंजूर झाला. सूत्र असं: परत जायला नको म्हणणारा कैदी ना याच्या हातात, ना त्याच्या; तो आधी तिसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. म्हणजे ‘आधी कोण?’ हा प्रश्नच बाजूला काढला. तेव्हा मॉस्को आणि पेकिंगनं (आजचं बीजिंग) तो फेटाळला. 5 मार्च 1953 ला स्टालिन गेला आणि काही आठवड्यांत दार उघडलं. एप्रिलमध्ये फक्त आजारी आणि जखमी कैद्यांची अदलाबदल झाली, अमेरिकेच्या बाजूनं 6,670 आणि समोरून 684. अशी छोटी, कुणालाही नाकारता न येणारी देवाणघेवाण आधी करून बघतात, कारण त्यातून गाड्या वेळेवर येतात का, याद्या जुळतात का, शब्द पाळला जातो का हे कळतं. 8 जूनला कैद्यांचा करार झाला, जवळपास भारताच्या सूत्रावरच.

आणि दहा दिवसांनी दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी छावण्यांची दारं उघडून सुमारे 27,000 कैदी पळू दिले. त्यांना तह नकोच होता. पाठीराख्यानं ठरवलं म्हणजे लढणाऱ्यानं मानलंच असं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. री यांनी त्या तहावर सही केली नाही ती नाहीच.

27 जुलैला सकाळी 10 वाजता अमेरिकेच्या बाजूचे जनरल हॅरिसन आणि उत्तर कोरियाचे जनरल नाम इल यांनी इंग्रजी, कोरियन आणि चिनी अशा तीन भाषांतल्या 18 प्रतींवर सह्या केल्या. दहा-बारा मिनिटांचं काम. एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, हात मिळवले नाहीत. गोळीबार थांबला मात्र रात्री 10 ला. हे बारा तास हुकूम शेवटच्या चौकीपर्यंत पोचावा म्हणून ठेवलेले असतात, आणि तेवढ्यातही तोफा चालूच राहतात. पुढच्या 72 तासांत दोन्ही फौजांनी दोन-दोन किलोमीटर मागे सरायचं होतं. तो चार किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा आजही आहे.

हा क्रम चुकला तर काय होतं ते पूर्व युक्रेनमधली लढाई थांबवण्यासाठीच्या मिन्स्कच्या दुसऱ्या करारात दिसलं. 12 फेब्रुवारी 2015 ला तो झाला. तोफा प्रकारानुसार मागे न्यायच्या होत्या: 100 मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या असतील तर 50 किलोमीटरचा पट्टा, रॉकेटं असतील तर 70, लांब पल्ल्याची रॉकेटं आणि क्षेपणास्त्रं असतील तर 140. इतकं बारीक लिहिलं. पण देबाल्त्सेव्ह शहर कुणाच्या ताब्यात, हे लिहिलं नाही. शस्त्रसंधी 15 तारखेला मध्यरात्री लागू झाली आणि 18 पर्यंत लढून रशियाच्या पाठिंब्यावरच्या बंडखोरांनी ते शहर घेतलं. त्याहून मोठी फट नवव्या कलमात होती. युक्रेननं म्हणायचं, आधी सरहद्दीचा ताबा द्या, मग बंडखोरांच्या भागात निवडणूक घेऊ. रशियानं कागदावर बोट ठेवायचं: आधी निवडणूक, मग सरहद्द. सात वर्षं ते बोट तिथून हललं नाही.

‘मग भारतासारख्या देशानं यात काय करायचं?’ असा पुढचा प्रश्न हल्ली येतो. त्याचं उत्तर कोल्हापूरनं ऐकावं असं आहे. ते नको म्हणणारे कैदी सांभाळायला भारताच्या जनरल तिमय्यांच्या अध्यक्षतेखाली पाच राष्ट्रांचा आयोग गेला, आणि प्रत्यक्ष पहारा करणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या वडगावचे. री यांनी भारतीयांना दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून जहाजातून थेट हेलिकॉप्टरनं त्यांना निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या तळाला नाव दिलं हिंदनगर.

काम असं: 22,604 कैदी चीन-उत्तर कोरियाचे, 359 दुसऱ्या बाजूचे. त्यांच्या देशाच्या माणसांना 90 दिवस त्यांच्याशी बोलून समजावण्याची मुभा. एका तंबूत कैदी, समोर त्याच्या देशाचा अधिकारी, बाजूला आयोगाचे प्रतिनिधी आणि दुभाषे. बोलून झालं की दोन वाटा, एक घरी जाण्याची आणि एक परत छावणीत. छावण्यांत दोन्हीकडचे हस्तक कैद्यांना धमकावत होते, त्यामुळे मोजकेच दिवस ही समजूत घालणं होऊ शकलं. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला तारांच्या आत धरून ठेवलं. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले आणि बोलून त्याला सोडवून आणलं. गोळी चालली असती तर नुकतंच थांबलेलं युद्ध त्या छावणीतून पुन्हा पेटायला वेळ लागला नसता.

जानेवारी 1954 मध्ये मुदत संपली. 22,604 मधले 628 जण घरी गेले. आणि दोन्हीकडचे मिळून 88 जण असे निघाले ज्यांना हाही देश नको होता आणि तोही. ते आपल्या जवानांबरोबर जहाजानं भारतात आले. त्यांतले काही पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही इथंच राहिले.