डिस्ट्रो किती, यापेक्षा पॅच कोणाचा

लिनक्सच्या सुरक्षेचा विषय निघाला की पुण्यातल्या सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींकडून एक तक्रार हमखास येते. इतक्या डिस्ट्रो (उबुंटू, डेबियन यांसारखी लिनक्सची वेगवेगळी तयार रूपं) हव्यातच कशाला? सगळ्यांनी मिळून एकच केली असती तर भोकं लवकर बुजली असती! ऐकताना पटतं. पण मोठी प्रकरणं एकेक करून तपासली की दिसतं, नुसत्या संख्येने फार बिघडत नाही. मूळ प्रकल्पात झालेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, आणि आपल्या मशीनवरचं पॅकेज (डिस्ट्रोने बांधून दिलेला प्रोग्रॅम) यांच्या मधे कोण उभं आहे, हे ठाऊक नसलं की मात्र बिघडतं.

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधला एक दोष जाहीर झाला, त्याचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगिनसाठी दिलेली १२० सेकंदांची मुदत संपली की एसएसएचडी (त्याचा सर्व्हरवर सतत चालणारा भाग) एक सिग्नल हाताळतो, आणि त्या हाताळणीत तिथे सुरक्षित नसलेलं फंक्शन बोलावलं जात होतं. नेमकी वेळ साधली तर पासवर्डशिवाय रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, मिळू शकत होता. हाच दोष २००६ मध्ये एकदा बुजवलेला होता, ८.५पी१ या आवृत्तीत तो परत शिरला आणि ९.८पी१ मध्ये गेला.

आता कोथरूडमधल्या एखाद्या छोट्या कंपनीचं सर्व्हरचं रॅक डोळ्यांसमोर आणा. रॉकी ८ वर ओपनएसएसएच ८.०, उबुंटू २०.०४ वर ८.२, उबुंटू २२.०४ वर ८.९, डेबियन १२ वर ९.२, शिवाय अल्पाइनचे दोनचार कंटेनर. पहिली दोन मशीन जुनी, पण या दोषातून सुटलेली. पुढची दोन नवी, आणि तीच दोषात सापडलेली. अल्पाइनमध्ये जीलिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारी पायाभूत फंक्शनं) असते, त्यामुळे हा हल्ला तिथे लागू होत नव्हता. एकाच डिस्ट्रोची एकच आवृत्ती सगळीकडे असती तर एक तर सगळी मशीन सुटली असती, नाही तर सगळी एकाच दिवशी उघडी पडली असती.

खरी गडबड पुढे होते. उबुंटूने २२.०४ साठी ९.८ दिलंच नाही. ८.९ मध्येच दुरुस्ती बसवली आणि पॅकेजचा क्रमांक ८.९पी१-३उबुंटू०.१० झाला. डेबियन १२ मध्ये तो ९.२पी१-२+डेब१२यू३ झाला. शेपटातला तो '०.१०' किंवा 'डेब१२यू३' हाच महत्त्वाचा भाग. ऑडिटवाल्यांचा स्कॅनर फक्त '८.९पी१' एवढंच वाचतो आणि लाल शेरा मारतो. मग कुणीतरी घाईने ९.८ चा सोर्स उतरवून हाताने कंपाइल करून यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये टाकतं. अहवाल हिरवा होतो, पण त्या दिवसापासून तो एसएसएचडी पोरका. पुढचा दोष निघेल तेव्हा एपीटी (पॅकेजं अपडेट करणारं साधन) त्याला हातही लावणार नाही. ही चूक कृपा करून करू नका. डेबियन-उबुंटूवर 'एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर' चालवून त्यात ६३८७ शोधा. रॉकी आणि अल्मा या रेड हॅटवर बेतलेल्या डिस्ट्रोंच्या ९ वर (तिथे ८.७ होतं, म्हणजे तीही सापडलेली) 'आरपीएम -क्यू --चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर' मध्ये शोधा. सापडलेली ओळ ऑडिटरला द्या, त्यांना तेवढा पुरावा पुरतो.

विखुरलेपणाने खरोखर घात केल्याचं उदाहरण याहून जुनं आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं टूल त्यांवर इशारे देत होतं. त्यातली एक ओळ यादृच्छिक संख्यांसाठी लागणारा सगळा कच्चा माल आत ओतत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. १३ मे २००८ ला हे जाहीर होईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या एसएसएच किल्ल्या (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरतात त्या) अंदाजाने काढता येत होत्या. रेड हॅटमध्ये तो बदल नव्हता, तरी तिथल्या सर्व्हरवर डेबियनवाल्याने आपली किल्ली ठेवली असेल तर तोही सर्व्हर उघडाच. मूळ लेखकांच्या बारीक तपासणीतून न गेलेला पॅच काय करू शकतो, ते इथे दिसतं.

२९ मार्च २०२४ ला उघड झालेल्या एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात विखुरलेपणाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये पेरलेलं मागचं दार एसएसएचडीपर्यंत पोचत होतं ते लिबसिस्टमडी या लायब्ररीमार्फत, आणि एसएसएचडीला लिबसिस्टमडी जोडणारा पॅच डेबियन, फेडोरा यांसारख्या डिस्ट्रोंचा होता. मूळ ओपनएसएसएचमध्ये ती जोडणी नाही. आर्चकडे ५.६ पोचलं होतं, पण त्यांनी तो पॅच लावलेला नसल्याने त्यांच्या एसएसएचडीपर्यंत धोका गेला नाही. डेबियन १२ ५.४ वर होतं, उबुंटू २२.०४ ५.२ वर. सावकाश चालणाऱ्यांकडे ती आवृत्ती पोचायच्या आधीच प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला. सगळं जग एकाच गतीने अपडेट होत असतं तर काय झालं असतं, याचा विचारही नकोसा वाटतो.

मग डिस्ट्रो निवडताना पाहायचं काय? सर्वांत आधी, सुरक्षेचे पॅच कुठल्या रेपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारातून) येतात ते. मिंट उबुंटूची सुरक्षा रेपॉझिटरी थेट वापरतं, त्यामुळे मधे कुणी अडत नाही. मांजारो आर्चची पॅकेजं आधी स्वतःच्या शाखांमध्ये थांबवून मग सोडतं. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. त्यांची बॉस लिनक्स डेबियनवर बेतलेली आहे. अशी कुठलीही उपडिस्ट्रो बसवण्याआधी सोर्सेसची फाइल उघडून पाहा. पत्ता डेबियनच्या सुरक्षा सर्व्हरचा आहे की मधल्या कुणाचा, ते तिथेच कळतं. उबुंटूत आणखी एक बारकावा: 'मेन' या विभागातल्या पॅकेजांना नेहमीचा आधार असतो, 'युनिव्हर्स' या विभागासाठी पक्की हमी हवी तर उबुंटू प्रो ही सदस्यता जोडावी लागते. वैयक्तिक वापराला ती ५ मशीनपर्यंत फुकट आहे. 'प्रो सिक्युरिटी-स्टेटस' ही आज्ञा तुमची किती पॅकेजं कशात मोडतात ते सांगते.

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांत सेंटओएस ७ या डिस्ट्रोवर चालणारं जुनं ईआरपी (हिशेब, साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आजही असेल, तर त्या डिस्ट्रोची मुदत ३० जून २०२४ ला संपली आहे. तिथे यम (तिथलं अपडेटचं साधन) चालवलं की मिररलिस्टचा (पॅकेजं देणाऱ्या सर्व्हरांच्या यादीचा) पत्ताच सापडत नाही. मग इंटरनेटवर बघून कुणीतरी रेपॉझिटरीचा पत्ता 'व्हॉल्ट'कडे वळवतं. यम पुन्हा चालू लागतं आणि सांगतं, अपडेट करण्यासारखं काही नाही! व्हॉल्ट म्हणजे जुन्या पॅकेजांचं गोदाम. तिथे नवा पॅच येत नाही. सेंटओएसमध्ये 'यम --सिक्युरिटी'वरही विसंबता येत नव्हतं, कारण कोणतं अपडेट सुरक्षेचं आहे ही माहिती त्यांच्या रेपॉझिटरीत नसायची. उत्तर यायचं 'सुरक्षेसाठी काही लागत नाही', आणि ते खरं समजून लोक निर्धास्त राहायचे. रॉकी आणि अल्मा ती माहिती देतात, तिथे 'डीएनएफ अपडेटइन्फो लिस्ट --सिक्युरिटी' वापरता येतं.

विखुरलेपणाचा रोजचा त्रास मात्र अ‍ॅडमिनच्या डोक्याला होतो, आणि तो खरा आहे. उबुंटूसाठी लिहिलेली स्क्रिप्ट डेबियन १२ वर चालवली, फेल२बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) बसलं, पण सुरूच झालं नाही, असं सर्रास होतं. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (नोंदी फाइलींत लिहिणारी सेवा) आपोआप येत नाही, त्यामुळे ऑथ.लॉग ही लॉगिनच्या नोंदींची फाइलच तिथे नसते. फेल२बॅनच्या जेल.लोकल या फाइलीत 'बॅकएंड = सिस्टमडी' लिहिलं की काम होतं. उबुंटू २४.०४ वर एसएसएचचं पोर्ट बदललं आणि फक्त एसएसएच सेवा रीस्टार्ट केली, तर ऐकणारा सॉकेट जुन्याच पोर्टवर राहतो. आधी 'डीमन-रीलोड' आणि मग 'एसएसएच.सॉकेट' रीस्टार्ट हवं. क्लाउडवरच्या उबुंटूत तर एसएसएचच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये पासवर्ड लॉगिन 'नो' केलं तरी ५०-क्लाउड-इनिट नावाच्या छोट्या फाइलीतलं 'येस' जिंकू शकतं, कारण ती आधी वाचली जाते आणि एसएसएचडी पहिली किंमत धरतो. फाइल वाचून ठरवू नका. रूटने 'एसएसएचडी -टी' (टी मोठ्या लिपीतला) चालवा. प्रत्यक्षात लागू होणाऱ्या सगळ्या किमती तो छापतो, आणि कोणत्याही डिस्ट्रोवर सारख्याच पद्धतीने.

पॅच उतरल्यावरही एक टप्पा उरतो. ओपनएसएसएलची लायब्ररी डिस्कवर नवी झाली, तरी आठ महिने अखंड चालणारा एनजिनएक्स (वेबसर्व्हर) मेमरीतली जुनीच वापरत असतो. डेबियन-उबुंटूवर 'नीडरीस्टार्ट' अशा प्रोसेसची यादी देतं, रॉकी-अल्मावर 'नीड्स-रीस्टार्टिंग'. 'नीड्स-रीस्टार्टिंग'लाच '-आर' जोडलं तर मशीन रीबूट करायची गरज आहे का, तेही कळतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं असेल तर लाइव्ह पॅचिंग (चालू मशीनवरच पॅच बसवणं) नसलेल्या मशीनवर रीबूटला पर्याय नाही, त्यासाठी रविवारची पहाट आधीच मागून ठेवा.