हॅम्प्टन कोर्ट आणि राजाच्या नावावरची गाणी

लंडनच्या वॉटर्लूहून निघणारी लोकल थेट हॅम्प्टन कोर्टला जाऊन थांबते. स्टेशनाबाहेर टेम्सवरचा पूल, आणि पुलापलीकडे लाल विटांचा अवाढव्य राजवाडा. मला ओढ होती ती आठव्या हेन्रीच्या ग्रेट हॉलची. भिंतींवर सोन्याच्या जरीत विणलेली बायबलमधल्या अब्राहमची कथा, वर कोरीव तुळयांचं छत. दाराकडच्या लाकडी नक्षीत एच आणि ए ही अक्षरं अजून गुंफलेली दिसतात: हेन्री आणि त्याची दुसरी राणी अॅन बुलिन. १५३६ मध्ये अॅनचा शिरच्छेद झाला, तिच्या खुणा पुसल्या गेल्या, पण ही अक्षरं राहून गेली.

शेजारी एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या, ‘राजानं अॅनसाठीच ग्रीनस्लीव्ह्ज हे गाणं रचलं.’ इंग्लंडभर हेच सांगतात. पण तारखांचा मेळ बसत नाही. हेन्री वारला १५४७ मध्ये, आणि या गाण्याची पहिली नोंद सापडते १५८० च्या सप्टेंबरात, लंडनच्या छापखानेवाल्यांच्या दप्तरात. रिचर्ड जोन्स नावाच्या मुद्रकानं ती केली. शिवाय चालीचा साचा इटालियन, इंग्लंडात रुळला तो हेन्रीच्या पश्चात. म्हणजे गाणं रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या छापील पानांतलं. कुणा अनामिकाची ही कमाई राजाच्या खात्यात जमा होते, याचं मला वाईट वाटतं.

राजाला तशी गरजही नव्हती. ब्रिटिश लायब्ररीत १५१८ च्या सुमाराची एक हस्तलिखित वही आहे. तिच्यात १०९ रचना आहेत आणि त्यांतल्या ३३ च्या माथ्यावर ‘द किंग एच. ८’ असं लिहिलंय. ‘पास्टाइम विथ गुड कंपनी’ त्यातलंच. मात्र तिथेही सगळंच त्याचं नाही. ‘जेंटिल प्रिन्स’ ही एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वरावलींची रचना व्हेनिसमध्ये १५०१ सालीच छापली गेली होती, तेव्हा हेन्री दहा वर्षांचाही धड नव्हता. त्यानं पुढे तिला चौथी स्वरावली जोडली. मला हा हेन्री जास्त भावतो: दुसऱ्याची रचना समोर घेऊन तिच्यात आपला सूर बसवणारा, शिकणारा.

शेवटी चॅपलमध्ये गेले. निळं-सोनेरी छत, त्याखाली गायकांची बाकं. ‘ओ लॉर्ड, द मेकर’ हे प्रार्थनागीतही बराच काळ हेन्रीचंच मानलं जायचं. ते निघालं विल्यम मंडीचं, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या चॅपलमधल्या गायकाचं. मंडीला त्याचं गाणं परत मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे.