दर मिनिटाला येणारी तडतड

लॅपटॉपवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपबद्दल आमच्याकडे मदतीसाठी आलेल्या तिकिटावरची, म्हणजे नोंदवलेली, तक्रार जेमतेम दोन ओळींची होती. "गाणी नीट वाजत नाहीत. दोनदा अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, काही फरक नाही." खाली आधीच्या दोन उत्तरांमध्ये दोन्ही वेळा तोच सल्ला होता: अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा, इंटरनेटचा वेग तपासा. वेग 90 एमबीपीएस निघाला होता आणि पुढचा रस्ता तिथेच खुंटला होता.

मी फोन लावला. "मॅडम, नीट वाजत नाही म्हणजे नेमकं काय ऐकू येतं?"

हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. खरं तर निम्मं निदान त्याच्या उत्तरातच असतं. गाणं थांबतं आणि गोल चक्र फिरत राहतं, तर नेटवर्क किंवा सर्व्हर. गाण्याची वेळ दाखवणारी पट्टी 0:00 वरून हलतच नाही, तर अ‍ॅपला आवाजाचं उपकरण उघडता आलेलं नाही, कारण बहुतेक प्लेअर वेळ मोजतात ती त्या उपकरणाच्या घड्याळावर. पट्टी पुढे सरकते पण ऐकू काहीच येत नाही, तर आवाज तयार होतोय, फक्त भलतीकडे जातोय. आवाज टेलिफोनसारखा बसका होतो, तर ब्लूटूथ हेडसेट संगीताच्या प्रोफाइलवरून कॉलच्या प्रोफाइलवर गेलाय. कुठल्या तरी प्रोग्रॅमने माइक उघडला की असं होतं, आणि मग 44.1 किलोहर्ट्‌झच्या स्टीरिओ गाण्याच्या जागी 8 किंवा 16 किलोहर्ट्‌झचा मोनो आवाज येतो.

त्या म्हणाल्या, "मधेच कागद टरकावल्यासारखा आवाज येतो. अर्धा सेकंद. मग पुन्हा स्वच्छ. आणि कधी कधी आवाज पूर्णच जातो, पट्टी मात्र चालू राहते."

म्हणजे एका तिकिटात दोन आजार होते. गाणी ऐकून त्यांचं नोटेशन लिहिणं हेच त्यांचं काम असल्यामुळे कान तयार होता, आणि पुढे त्याच कानाने माझं काम सोपं केलं.

तडतड आधी घेतली. इथे इंटरनेटवरचा संशय लगेच काढून टाकता येतो. 320 केबीपीएसच्या गाण्याला सेकंदाला फक्त 40 किलोबाइट लागतात, चार मिनिटांचं अख्खं गाणं साधारण 9.6 मेगाबाइट. अ‍ॅप ते पुढचं पुढचं आधीच उतरवून ठेवतं. पोचलेला डेटा टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याची नियमावली, तपासून, क्रमाने हातात देतो. हरवलेला तुकडा पुन्हा मागवतो. त्यामुळे नेट खराब असलं तर डेटा उशिरा येतो, साठा संपतो आणि गाणं थांबतं. ते तडतडत नाही. तडतड ऐकली की वेग मोजायला लावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं.

मग त्यांना एक चाचणी करायला सांगितली. कुठल्याही गाण्याची तीच तीस सेकंदं मागे नेऊन तीनदा ऐकायची. तडतड दर वेळी त्याच ठिकाणी आली तर दोष त्या फाइलमध्ये: कॅशेत, म्हणजे अ‍ॅपने उतरवून ठेवलेल्या साठ्यात, बिघडलेला तुकडा असेल, किंवा इक्वलायझरमध्ये खालचे स्वर इतके वाढवलेले असतील की गाण्याचे उंच भाग मर्यादेबाहेर जाऊन छाटले जातात. जागा बदलत राहिली तर गाणं निर्दोष आहे, यंत्र वेळेवर पोचत नाहीये. त्यांनी तीनदा ऐकलं. पहिल्यांदा नवव्या सेकंदाला आली, दुसऱ्यांदा नाहीच, तिसऱ्यांदा सव्विसाव्या सेकंदाला.

पुन्हा इन्स्टॉल करून फरक का पडला नाही, तेही इथे कळतं. यंत्रच उशीर करत असेल तर अ‍ॅप बदलून काही होत नाही. कॅशेचा दोष असता तरी कदाचित गेला नसता, कारण अनइन्स्टॉल केल्यावर वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधला कॅशे बऱ्याचदा तसाच मागे राहतो. तो अ‍ॅप पूर्ण बंद करून हाताने काढावा लागतो, आणि बंद म्हणजे टास्कबारच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरूनही बंद.

पुढचा संशयित त्यांचा यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल डेटाचा आवाज करणारी बाहेरची डबी. तो हबला लावलेला होता. यूएसबीवरून आवाज आयसोक्रोनस पद्धतीने जातो, त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही, म्हणून हलकी केबल किंवा गर्दी असलेला हब टिचक्या देऊ शकतो. डॅक थेट लॅपटॉपला लावला: तडतड तशीच. डॅक काढून लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर वाजवलं: तरीही तशीच. डॅक, केबल आणि हब तिघेही सुटले. साउंड पॅनलमधली एन्हान्समेंट्स बंद करून पाहिली, अ‍ॅपमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद करून पाहिलं. दोन्हींनी काही झालं नाही. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करायची, नाहीतर शेवटी कशाने बरं झालं ते कळत नाही.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक सांगू का? हे मिनिटाला एकदा येतं असं वाटतंय."

मी त्यांना घड्याळ धरायला सांगितलं. पाच मिनिटांत पाच वेळा. दोन तडतडींमधलं अंतर 59 ते 62 सेकंद.

इतकी नियमित गोष्ट म्हणजे यंत्रात कोणीतरी ठरलेल्या वेळी उठून काहीतरी करतंय. मी लेटन्सीमॉन नावाचा, यंत्रातला उशीर मोजणारा प्रोग्रॅम चालवायला सांगितला. लॅपटॉप चार्जरवर, बाकीचे प्रोग्रॅम बंद, कारण बॅटरीवर प्रोसेसर मंदावतो आणि आकडे फसवे येतात. हे साधन डीपीसी मोजतं, म्हणजे हार्डवेअरने बोलावल्यावर ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) जे तातडीचं काम उरकतो ते. हे काम चालू असताना प्रोसेसरच्या त्या गाभ्यावर (कोअरवर) कुठल्याही प्रोग्रॅमचा थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, चालत नाही. आवाजाचा थ्रेड कितीही वरच्या दर्जाचा असला तरी त्यालाही थांबावं लागतं. विंडोजचं आवाजाचं इंजिन शेअर्ड मोडमध्ये, म्हणजे सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र वाजवताना, सहसा 10 मिलिसेकंदांच्या हप्त्यांनी चालतं. 48 किलोहर्ट्‌झला म्हणजे प्रत्येक चॅनेलचे 480 नमुने (सॅम्पल, आवाजाची एकेक मोजणी). पुढचे 480 वेळेत भरले नाहीत की कार्डाकडे वाजवायला काही उरत नाही, आणि ती फट आपल्याला टरकावल्यासारखी ऐकू येते.

त्यांनी स्क्रीन शेअर केली होती. शेअर करताना आवाजाची वाट वळवणारा पर्याय बंद ठेवायला मी आधीच सांगितलं होतं. काही रिमोट प्रोग्रॅम आवाज मदत करणाऱ्याच्या यंत्राकडे नेतात आणि मग ज्या रस्त्याची तपासणी करायची तोच रस्ता बदललेला असतो. बोलणंही म्हणूनच फोनवर ठेवलं होतं. लेटन्सीमॉनमधली पट्टी हिरवी, आकडा दोन-तीनशे मायक्रोसेकंदांच्या आसपास. चाळीस सेकंद गेली. पन्नास गेली. पट्टी एकदम लाल झाली, आकडा 11,400 वर गेला, आणि त्याच क्षणी फोनवर त्या म्हणाल्या, "आता!"

11.4 मिलिसेकंद. हप्ता 10 चा.

ड्रायव्हर्सच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस डॉट सिस होतं. ते पाहून विंडोजची ती फाइल बदलायला धावू नये. ती नेटवर्क ड्रायव्हरांची सामाईक चौकट आहे, आणि खरा उशीर तिच्या आडून काम करणारा वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर करत असतो.

या वळणावर चूक होणं फार सोपं आहे. मी त्यांना वायफाय बंद करायला सांगितलं आणि आधी डाउनलोड करून ठेवलेलं गाणं लावायला सांगितलं. दहा मिनिटं एकही तडतड नाही. कोणीही म्हणेल, बघा, इंटरनेटचाच दोष होता! म्हणून उलट चाचणी लगेच करावी लागते. वायफाय पुन्हा चालू केलं, तेच डाउनलोड केलेलं गाणं ठेवलं, अ‍ॅप ऑफलाइन मोडमध्ये. नेटवरून गाण्याचा एक बाइटही येत नव्हता, तरी तडतड मिनिटाच्या ठोक्याला हजर. मग तिसरी: वायफाय बंद, लॅनची केबल जोडलेली, गाणं थेट स्ट्रीम. स्वच्छ. म्हणजे इंटरनेट ठीक, अ‍ॅप ठीक. वायफायचा ड्रायव्हर ठरावीक वेळाने आसपासची नेटवर्कं धुंडाळताना प्रोसेसर अडवून बसत होता. एक काळजी मी मुद्दाम घेतली. वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून एकटं डिसेबल करवलं, एअरप्लेन मोड वापरू दिला नाही. एअरप्लेन मोड सहसा ब्लूटूथही बंद करतो, आणि मग दोघांतला दोषी कोण ते कळत नाही.

दुरुस्ती साधी होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, वायफायची प्रॉपर्टीज, ड्रायव्हर टॅब. तिथली तारीख तीन वर्षांपूर्वीची. "ड्रायव्हर आपोआप शोधा" हे बटण अशा वेळी बहुधा "सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच आहे" एवढंच सांगतं. लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या साइटवर त्यांच्या नेमक्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर होता, तो उतरवला, यंत्र रीस्टार्ट केलं. पाऊण तास लेटन्सीमॉन चालू ठेवलं. सर्वांत मोठा आकडा 380.

दुसऱ्या आजाराला एवढा वेळ लागला नाही, कारण आवाज गेलेला असतानाच तो पाहता आला. विंडोज आणि आर ही बटणं दाबून एमएमसिस डॉट सीपीएल लिहिलं की जुनं साउंड पॅनल उघडतं. प्लेबॅक टॅबमध्ये प्रत्येक उपकरणाशेजारी एक उभी पट्टी असते आणि आवाज जिकडे जातोय तिथली पट्टी हिरवी नाचते. त्यांच्याकडे नाचत होती ती बाहेरच्या मॉनिटरची. एचडीएमआयने जोडलेला तो मॉनिटर विंडोजच्या लेखी आवाजाचं उपकरण होता. त्याला स्पीकर मात्र नव्हते. मॉनिटर झोपला की ते उपकरण यादीतून नाहीसं व्हायचं, आवाज डॅककडे यायचा आणि गाणं ऐकू यायचं. माउस हलवला, मॉनिटर जागा झाला, की डीफॉल्ट पुन्हा तोच. म्हणून त्यांना वाटत होतं की कामाला बसलं की आवाज जातो. ते अगदी खरं होतं.

यादीतल्या मॉनिटरच्या नावावर उजवं क्लिक करून तो डिसेबल केला, डॅक डीफॉल्ट केला. मग सेटिंग्जमधलं व्हॉल्यूम मिक्सरही उघडायला लावलं. हे बरेच जण विसरतात. विंडोज प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळं आउटपुट लक्षात ठेवतं, आणि अ‍ॅपच्या नावावर जुनं उपकरण अडकून राहिलं असेल तर डीफॉल्ट बदलूनही त्या एकाच अ‍ॅपचा आवाज परत येत नाही. त्यांच्याकडे ते डीफॉल्टवरच होतं. मिक्सरमध्ये अ‍ॅपचा स्लायडर मात्र 20 वर होता, तो वर घेतला. जुन्या पॅनलचा कम्युनिकेशन्स टॅबही पाहिला. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, ही तिथली मूळ निवड असते. त्या ऑनलाइन शिकवणीत गाणं वाजवून दाखवत असल्यामुळे ती "काहीही करू नका" वर नेली.

जाता जाता त्यांनी विचारलं, एका जुन्या यंत्रावर गाणी किंचित वरच्या पट्टीत वाजायची, तो कानाचा भास होता का? भास नसावा. सेकंदाला 44,100 नमुन्यांचं गाणं कोणी न रूपांतरता 48,000 ने वाजवलं तर ते जवळजवळ दीड सेमीटोन वर चढतं आणि 240 सेकंदांचं गाणं साधारण 220 सेकंदांत संपतं. घड्याळ लावलं की लगेच कळतं. नेहमीच्या वापरात विंडोज हे रूपांतर स्वतः करतं. व्हर्च्युअल केबल (एका अ‍ॅपचा आवाज दुसऱ्याकडे नेणारा प्रोग्रॅम) किंवा बिघडलेला ड्रायव्हर मधे असला की ते चुकू शकतं. तेव्हा दोन्ही टोकांचा सॅम्पल रेट अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एकसारखा करून पाहायचा.

तिकीट बंद करताना नव्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख नोंदवली, आधीचा 11,400 आणि नंतरचा 380 हे दोन्ही आकडे लिहिले. एखादं अपडेट तो ड्रायव्हर पुन्हा बदलू शकतं, आणि तसं झालं तर पुढच्या माणसाने आधी डिव्हाइस मॅनेजरमधली ती तारीख पाहावी, असं खाली लिहून ठेवलं. अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करायला सांगू नये, हेही.