अल-ऐनचा बर्फ आणि आमचा अमोनिया

माझा धंदा बटाटे थंड ठेवण्याचा. म्हणजे बटाटे शेतकऱ्यांचे, कोल्ड स्टोरेज शेठलोकांचं, आणि त्यामागच्या खोलीत धडधडणारा, अमोनिया वायूवर गारवा तयार करणारा प्लांट माझ्या जबाबदारीचा. इंदूर, देवास, महू या पट्ट्यात हे काम कायम असतं. खेळांशी माझा संबंध क्रिकेटच्या स्कोअरपुरता.

माझा भाचा फौजेत आहे, लेहला. तिकडे हिवाळ्यात पोरंटोरं आइस हॉकी खेळतात, त्यामुळे यालाही नाद लागला. 2025 च्या उन्हाळ्यात महिलांचा आशिया कप होता, अमिरातीतल्या अल-ऐनला. त्याने मॅचची लिंक पाठवली, "मामा, आपल्या मुली बघा."

बघितल्या. खरं सांगायचं तर रबराची ती तीन इंची चकती निम्म्या वेळा मला दिसलीच नाही. सहा-सहा जणी, वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, आणि मिनिटभरात दमून बाहेर बसणाऱ्या खेळाडू. माझं लक्ष सारखं खाली जात होतं. बाहेर पारा चाळिशीच्या वर असणार, आणि आत हा बर्फ आरशासारखा!

तो कसा करतात ते मला समजतं. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाइपांचं जाळं, त्यातून उणे नऊ-दहा अंशांचं ब्राइन (म्हणजे न गोठणारं खारं पाणी) किंवा ग्लायकोल फिरतं. वर पाणी फवारून पातळ थर एकावर एक गोठवत न्यायचे. पांढरा रंग आणि लाल-निळ्या रेषा मधल्या थरांत. सगळं मिळून जाडी तीन-चार सेंटिमीटर. बर्फाच्या कारखान्यात लादी काढतात तेव्हाही डबे अशाच ब्राइनमध्ये बुडवलेले असतात. इथे लादी मैदानाएवढी आणि ती बाहेर काढायची नसते, इतकंच. दोन डावांच्या मध्ये बर्फ खरवडून गुळगुळीत करणारी गाडी फिरते, ती त्यावर गरम पाणी सोडते. माझ्या हाताखालच्या पोरांना हे सांगितलं तर हसली. पण गरम पाण्यात हवा कमी विरघळलेली असते आणि ते वरचा खरवडलेला थर जरासा वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. गार पाणी नुसतं वर पापडी धरतं.

आता आपल्या मुली. संघात बहुतेक जणी लडाखच्या. त्यांचा सराव वर्षानुवर्षं गोठलेल्या तलावांवर, नाहीतर रात्री पाणी ओतून केलेल्या मैदानावर. हा बर्फ दोन-अडीच महिने टिकतो, मग ऊन चढलं की संपलं. समोर फिलिपिन्सच्या मुली, ज्यांच्या देशात बर्फ पडत नाही, पण मनिलाच्या मॉलमध्ये बारा महिने रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, चालू. म्हणून कोणी "बर्फाळ प्रदेशातल्या मुली, त्यांना काय अवघड" म्हणालं की मला राग येतो. हिमालयाचा या खेळाला उपयोग थोडा, कंप्रेसरचा जास्त. हाँगकाँगला 2008 मध्ये आशियातल्या नवख्या देशांसाठी चॅलेंज कप सुरू झाला, तेव्हापासून बँकॉक, अबू धाबी असल्याच गावांत तो फिरत राहिला.

आपल्या मुली त्यात पहिल्यांदा 2016 ला उतरल्या, तैपेईला. पुढच्याच वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला 4-3 हरवलं, तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. आणि अल-ऐनहून कांस्यपदक घेऊन आल्या. दोन-अडीच महिन्यांच्या बर्फावर!

आपल्याकडे कृत्रिम रिंक नव्हती असं नाही. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी मोठी रिंक बांधली, 2012 चा पुरुषांचा चॅलेंज कपही तिथेच झाला. मग बरीच वर्षं कुलूप. कारण ऐकलं ते विजेचं बिल आणि देखभालीचा खर्च. मला नवल वाटलं नाही. पण बंद प्लांट स्वस्त पडतो हा शेठलोकांचा आवडता गैरसमज आहे. कंप्रेसरच्या शाफ्टचे सील सुकतात, पाइप आतून गंजतात, आणि पुन्हा चालू करताना वाचवलेलं बिल व्याजासकट भरावं लागतं. 2025 ला ती रिंक पुन्हा सुरू झाली, आता चालू राहू दे.

आमच्याकडे बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये भरतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत माल निघून जातो. मग दोन-तीन महिने प्लांट जवळजवळ रिकामा. तेवढ्यात त्याच प्लांटवर रिंक का चालवू नये? रिंकला बटाट्यापेक्षा खालचं तापमान लागतं, तेव्हा कंप्रेसरकडे वायू परत नेणारी सक्शन लाइन वेगळी काढावी लागेल, ब्राइन गार करणारा चिलर नवा, शेड नवी, दमट हवा काढायची मशीन वेगळी. पण अमोनिया, कंडेन्सर, कूलिंग टॉवर, ऑपरेटर सगळं तयार. इंदुरात पोरं रोलर स्केटिंग करतातच.

एका शेठजींना सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिया, बिजली का बिल कौन भरेगा?" मी युनिटचा हिशोब मांडायला घेतला आहे. भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, आधी अर्ध्या मापाची करा, तीन-तीन जणांची मॅच होते." ते मापही घेतलंय हिशोबात.