शेजारच्या मावशींची जट

आज पंचवटीत आमच्या शेजारच्या मावशींची जट काढली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) एक ताई घरी आल्या होत्या. मावशींनी आधी कात्रीलाच हळदकुंकू लावलं, हात जोडले, मग मान खाली घातली. कापलेली जट मी हातात घेतली. सुंभाच्या दोरखंडासारखी कडक, जड, आत धूळ आणि उवा. हे ओझं बाई वर्षानुवर्षं डोक्यावर वागवत होती! एका कुशीवरच झोपायची, मानेला सतत रग.

कारण काय, तर "देवीनं दिलीय, कापली तर घरात कुणाचं तरी बरंवाईट होईल."

खरं तर केस नीट धुतले-विंचरले नाहीत की घाम, तेल, धूळ बसून गुंता होतो. पण एकदा कुणी "देवी आली" म्हटलं की फणी बंद आणि पूजा सुरू. मग तो गुंता सुटणार कसा?

याच समजुतीपायी जट आलेल्या पोरी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडल्या जायच्या. देवाला मुली वाहण्याच्या या देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला, तरी महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. मला याचा फार संताप येतो. गुंता केसांचा, आणि आयुष्य जायचं पोरीचं.

तुमच्या ओळखीत कुणाला जट असेल तर कृपा करून त्यांना हसू नका, घाईही करू नका. मावशींचा होकार यायला वेळ लागला. ताई दर वेळी यायच्या, चहा घ्यायच्या, त्यांचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि कात्रीचा विषयही न काढता जायच्या.