खेकडा, दोडका आणि ओढा

1946 साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांनी खेकड्याचं एक रिकामं कवच उचललं, आणि तेव्हापासून जगभरच्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या झोपेचं खोबरं झालं. पुढे फ्रान्समधल्या राँशाँच्या टेकडीवर चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा त्या कवचावरून त्यांना छप्पर सुचलं. 1955 मध्ये चॅपेल उभं राहिलं. ही गोष्ट पहिल्या वर्षाच्या वर्गात कुणीतरी सांगतंच. दुसऱ्या दिवसापासून पोरं शंख, शिंपले, जाळीदार पिंपळपानं आणि सुगरणीची घरटी गोळा करत सुटतात.

पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. ते छप्पर काँक्रीटच्या दोन पातळ कवचांचं आहे. प्रत्येकाची जाडी जेमतेम 6 सेंटिमीटर, आणि दोन्हींच्या मध्ये दोन मीटरहून जास्त पोकळी. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभरही नसेल अशी फट ठेवली आहे, तिच्यातून उजेड आत येतो आणि एवढं अवजड छप्पर तरंगल्यासारखं दिसतं. शिवाय टेकडीवर पाण्याची वानवा, म्हणून सगळं छप्पर मागच्या बाजूला उतरतं केलं आणि पावसाचं पाणी एका पन्हाळीतून खालच्या कुंडात पाडलं. मला विचाराल तर खेकड्यापेक्षा ती पन्हाळ जास्त आवडते. पण इमारत कशावरून सुचली ते सांगणाऱ्या कॉन्सेप्टच्या शीटवर पन्हाळीचा फोटो शोभत नाही, हेही खरं.

आमच्या वेळी कॉन्सेप्टला एवढा भाव नव्हता असं म्हणायचा मोह होतो, पण ते खोटं ठरेल. आमच्या वर्गातल्या एकानं योगकेंद्राचा प्लॅन हुबेहूब ॐ च्या आकाराचा केला होता. वळणावळणांत ध्यानाच्या खोल्या, चंद्रकोरीत ऑफिस, आणि बिंदूत पाण्याची टाकी. रोट्रिंगच्या पेनानं ट्रेसिंगवर काढलेलं ते ड्रॉइंग इतकं देखणं होतं, की शाईचा डाग पडला तेव्हा अर्ध्या ब्लेडनं तो खरवडायला आम्ही चौघं वाकलो होतो. ज्युरीला, म्हणजे डिझाइनच्या तोंडी परीक्षेला, आलेल्या सरांनी बराच वेळ शीट पाहिली आणि विचारलं, “हा ॐ दिसणार कुणाला?” कुणाला दिसणार? घारींना. जमिनीवरून चालणाऱ्या माणसाला फक्त एक वाकडीतिकडी लांब भिंत दिसली असती आणि संडास सापडला नसता.

आता मी स्वतः अधूनमधून परीक्षक म्हणून कॉलेजांत जाते. ट्रेसिंग गेलं, ब्लेड गेलं. लेझरनं कापलेली मॉडेल्स आणि फोटोला लाजवतील अशी कॉम्प्युटरवरची चित्रं, म्हणजे रेंडर, आले. पहिली शीट मात्र तीच. संशोधन केंद्र असेल तर डीएनएची शिडी. बालवाडी असेल तर कोशातून निघणारं फुलपाखरू. स्मारक असेल तर पाण्याचा थेंब आणि त्याची वलयं. वाचनालय असेल तर उघडं पुस्तक, ते छपरावर पालथं घातलेलं. पोरं हे सगळं अतिशय गंभीरपणे सांगतात. त्यांचा दोष नाही, मोठमोठ्या आर्किटेक्टांच्या मागेही अशा गोष्टी लागतात. फ्रँक गेरी यांना एका अमेरिकन कार्टून मालिकेत दाखवलं होतं. ते एक चिठ्ठी चुरगाळून फेकतात आणि त्या बोळ्यावरूनच त्यांना कॉन्सर्ट हॉल सुचतो. केली होती गंमत, पण लोक ते खरं मानायला लागले, अशी कुरकुर पुढे त्यांनाच करावी लागली.

ज्युरीच्या टेबलाच्या या बाजूला बसलं की आणखी एक गोष्ट कळते. पुष्कळदा प्लॅन आधी होतो आणि कॉन्सेप्ट मागाहून येतो, तोही सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता, मॅगी खाताना. इमारत तयार असते. आता ती कशासारखी दिसते ते शोधायचं. मला यात फारसं काही गैर वाटत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचंच पाहा. 1957 साली यॉर्न उत्झोन यांनी स्पर्धा जिंकली ती काही सुंदर, मोकळ्या रेघांवर. छपराच्या त्या कवचांना नेमकी भूमितीच नव्हती. ती बांधायची कशी, याचं उत्तर सापडायला पुढची काही वर्षं गेली. सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून काढायची, म्हणजे सगळीकडे वक्रता एकच आणि तेच तेच साचे पुन्हापुन्हा वापरता येतात! संत्र्याच्या सालीवरून ही कवचं सुचली अशी जी गोष्ट आपण ऐकतो ती या टप्प्यावरची. म्हणजे संत्रं आलं ते इमारत सुचायला नव्हे, अडलेलं काम सोडवायला.

अडलेलं काम हाच खरा मुद्दा आहे, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. जयपूरचं जवाहर कला केंद्र बघितलं तेव्हापासून तर जास्तच. सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये वसवलेल्या जयपूरची आखणी नऊ चौकोनांची, नवग्रहांच्या मंडलावरून. पण एका कोपऱ्यात डोंगर आडवा आला, तेव्हा तिथला चौकोन काढून दुसऱ्या बाजूला नेला. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी कला केंद्राला तेच नऊ चौकोन घेतले, प्रत्येकी 30 मीटरचे, मधला आकाशाला मोकळा. इथवर कुठल्याही हुशार विद्यार्थ्याला सुचलं असतं. कोरियांनी ती सरकही उचलली. कला केंद्राच्या जागेवर डोंगर नव्हता, तरी त्यांनी एक चौकोन तिरका वळवून बाहेर काढला आणि त्या फटीतून आत जायची वाट ठेवली. नऊ ग्रह बिनचूक रांगेत बसले असते तर आपण तिथं शिरलो असतो कुठून?

मुंबईतल्या कंबाला हिलवरची त्यांचीच कांचनजंगा इमारत मी विद्यार्थ्यांना नेहमी पाहायला सांगते. 1983 ची, 28 मजली. तिथं कशावरून काय सुचलं ते दोन वाक्यांत सांगता येतं. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेचा, म्हणून घराचं तोंड पश्चिमेला हवं. पण दुपारचं रणरणतं ऊन आणि पावसाचे सपकारेही पश्चिमेचेच. जुन्या बंगल्यांनी ही भानगड चहूबाजूंनी व्हरांडा घालून मिटवली होती. कोरियांनी तो व्हरांडा दोन मजले उंच केला आणि इमारतीच्या कोपऱ्यांतून कोरून आत घेतला. पेडर रोडवरून जाताना वर पाहिलं की ते रंगीत कोपरे दिसतात. त्यात ना शंख, ना शिंपला. जूनमध्ये खिडक्या लावायला धावणाऱ्या माणसांची मात्र आठवण आहे.

हे सगळं मी भाचीला सांगितलं नव्हतं. ती चिपळूणची, इथं पुण्यात तिसऱ्या वर्षाला, राहते आमच्याकडे. घरात आर्किटेक्चरचं पोर असलं की जेवणाच्या टेबलावर जेवता येत नाही. तिथं कटिंग मॅट, सनबोर्डचे तुकडे आणि फेविक्विकनं चिकटलेला कुणाचातरी चष्मा असतो. या सत्रात तिला नोकरदार महिलांचं वसतिगृह करायचं होतं. एका संध्याकाळी तिनं ओट्यावरचा दोडका आडवा कापला, चकतीला शाई लावली आणि बटर पेपरवर ठसा उठवला. आत तीन कप्पे, बाहेर दहाएक शिरा.

“अगं, शिरा टाकू नकोस, चटणी करायचीय,” आई म्हणाली.

“आजी, शिरा हाच तर कॉन्सेप्ट आहे!”

त्यात तथ्य होतं. तीन कप्पे म्हणजे खोल्यांच्या तीन ओळी, मध्ये जिना, आणि बाहेरच्या शिरा म्हणजे पश्चिमेचं ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या. ठशावरून प्लॅन झाला, प्लॅनवरून थ्री-डी झालं, आणि सरांनी मान डोलावली. शाई न लागलेल्या दोडक्याची मूगडाळ घालून भाजी झाली.

मग मॉडेल करायची वेळ आली. साइट वारज्याच्या बाजूची, चांगली उताराची, एका अंगानं ओढा. कॉम्प्युटरवर तिनं जमीन सपाट धरली होती, सगळेच धरतात. बॉक्स बोर्डाचे थर कापून उतार रचला आणि त्यावर दोडका ठेवला, तर तिसरा कप्पा थेट ओढ्यावर लोंबकळायला लागला. फिरवून पाहिलं, तर दुसरा लोंबकळतो.

“मावशी, ओढा पाइपात घालता येईल ना?”

येतो की. या शहरात ओढ्यांचं जे जे करायला नको ते सगळं करता येतं, आणि 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्यानं पूर आणून त्याचा हिशेबही मांडून दाखवला. पण हे मी बोलले नाही, नुसतं तिच्याकडे पाहिलं. 2021 च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आली होती ते ती झोपेतही हात वर करून दाखवेल. ती बराच वेळ मॉडेलभोवती घिरट्या घालत होती. मग सेक्शनचा, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचा, कागद ओढला आणि ओढ्याच्या वर लाल पेनानं एक आडवी रेघ मारली. त्या रेघेच्या खाली एकही खोली येणार नाही, असं ठरवून टाकलं.

मग सगळंच हललं. तिसरा कप्पा तोडून उतारावर वर चढवला, त्यासाठी तो वळवावा लागला. “कॉन्सेप्टची वाट लागतेय,” असं ती दर दहा मिनिटांनी म्हणत होती. वळवल्यामुळे दोन इमारतींच्या मध्ये पाचरीसारखी एक जागा उरली, जी कुठल्याच यादीत नव्हती. खोली नाही, बाग नाही, पार्किंगलाही निरुपयोगी. तिथं तिनं ओढ्याकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या केल्या. पूर आला तर खालच्या चार पाण्यात जातील, जाऊ देत. एरवी रूममेटला ऐकू जाऊ नये असा फोन करायला मुली तिथं येऊन बसतील. मी स्वतः वसतिगृहात राहिले आहे. अशी जागा शोधण्यात माझी संध्याकाळच्या संध्याकाळ जायची, आणि सापडायची ती पाण्याच्या टाकीमागे.

ज्युरीत तिनं रीतसर दोडक्यापासून सुरुवात केली. परीक्षक हसले, पुढच्या शीटवर गेले आणि पायऱ्यांवर बोट ठेवून थांबले. इथं ऊन किती वाजेपर्यंत? पावसात शेवाळ धरणार नाही का? रात्री दिवा कुठं? बाकीचा सगळा वेळ त्या पाचरीवरच गेला. शेवटी एका बाईंनी विचारलं, “एवढ्या मुली राहणार, कपडे कुठं वाळत घालणार?” तिथं मात्र आमची मुलगी गप्प झाली.

आता फायनल सबमिशनच्या आधी दोऱ्यांची सोय लावायची आहे. गच्चीवर टाकल्या तर बादली घेऊन एवढे मजले कुणी चढणार नाही. गॅलरीत टाकल्या तर सर म्हणणार, एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बिघडलं. आईनं पिशवीतल्या पालेभाजीवरून नजर न काढता सुचवलं, “त्या तुझ्या शिरांच्या मागे बांध. ऊन लागेल, वारा लागेल, रस्त्यावरून दिसायचं नाही.” म्हणजे शिरांमधलं अंतर वाढवावं लागणार, पश्चिमेच्या उन्हाचं गणित पुन्हा मांडावं लागणार. डबलबेडची ओली चादर पसरायला किती फूट लागतात ते मोजायला भाची आत्ता टेप घेऊन गॅलरीत गेली आहे, आणि मला बादली धरायला बोलावते आहे.